फिटरचा हात

टेस्टिंगताईने रिकाम्या बाकावरून बोट फिरवलं. बोटाला पाणी लागलं, तशी तोंडावरचा रुमालही न सोडता तिने विचारलं, "बॉयलरचा व्हॉल्व्ह कुठाय?"

"गेला," रंगारी म्हणाला. तो कोपऱ्यात उकिडवा बसून दुसऱ्याच एका व्हॉल्व्हला निळा हात देत होता. "साडेसातलाच टेंपोत घातला. प्लांटवाल्यांचे फोनवर फोन. दादा गेलेत सोबत, बसवून द्यायला."

"टेस्ट कुणी केली?"

"मालकांनी. जातीनं! पाणी भरून दाब दिला आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. एक थेंब गळला नाही, ताई. इतके खूश झाले की मला चहा पाजला. आता बोला!"

"आणि हालवून बघितला का?"

"कशानं हालवणार? कंप्रेसरचा पट्टा तुटलाय. हवाच नाही." रंगाऱ्याने ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "अकराला बॉयलर ऑटोवर टाकणार म्हणत होते."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. टेस्टिंगताईच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आठ महिन्यांतली ही पहिली रजा. रजा न घेण्यामागचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक तिला कामसू म्हणत होते आणि ती म्हणू देत होती.

त्याचं असं होतं. हा व्हॉल्व्ह म्हणजे काही घरातला नळ नव्हे. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की याने आपण होऊन उघडायचं आणि भरलं की मिटायचं. हवेच्या जोरावर एक चकचकीत दांडा खाली-वर होतो आणि पाण्याची वाट उघडतो, मिटतो. तो दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाणी गळू नये म्हणून त्याच्याभोवती काळ्या रिंगा ठासून बसवतात आणि वरून दोन नटांनी दाबतात. तीच ग्लँड. नट सैल राहिले तर पाणी गळतं. जास्त आवळले तर एक थेंब गळत नाही, पण रिंगा दांड्याचा गळा धरतात. दांडा जागचा हालत नाही, आणि हालला की एकदम उडी मारतो. या दोन्हींच्या मधली जागा अगदी अरुंद असते. मोजायची साधनं निघाली आहेत, पण वर्कशॉपात ती जागा एकाच गोष्टीने सापडायची, ती म्हणजे फिटरच्या हाताने. आणि तिच्या दादासारखा हात पंचक्रोशीत नव्हता.

नव्हता, असं ती आठ महिन्यांपूर्वीपर्यंत म्हणाली असती.

आठ महिन्यांपूर्वी दादाने रिंगा भरलेला एक व्हॉल्व्ह तिच्या बाकावर आला आणि हवा देताच दांड्याने उडी मारली. वर्कशॉपचा नियम सोपा होता. टेस्ट करणाऱ्याने फिटरच्या कामाला पाना लावायचा नाही. चूक दिसली की व्हॉल्व्हवर खडूने फुली मारायची आणि तो सगळ्यांच्या देखत परत पाठवायचा. दादाच्या कामावर तीस वर्षांत फुली पडली नव्हती. ज्याने हाताला धरून तिला या धंद्यात आणलं, नवरा गेल्यावर रिकाम्या घरात न बसवता या बाकापाशी उभं केलं, त्याच्या कामावर पहिली फुली तिने मारायची? तिने इकडेतिकडे पाहिलं. दादा चहाला गेला होता. तिने पाना घेतला आणि दोन्ही नट एक-एक बाजू सैल केले. नटाला सहा बाजू असतात. एक बाजू म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा. व्हॉल्व्ह सरळ चालायला लागला.

एकदा चोरी पचली की हात शिवशिवतो म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून तिने टेस्टचीही वाट पाहिली नाही. दादा चहाला गेला की त्याचे सगळे नट एक बाजू सैल. मध्यंतरी बाकावर न गळलेले दोन व्हॉल्व्ह प्लांटवरून गळत परत आले, मालकांनी दादाला चारचौघांत बोल लावला. तिने मनाशी म्हटलं, दादाचा हात आता दोन्हीकडे झुकायला लागला. पण त्यानंतर जे व्हॉल्व्ह आले ते सगळे खरोखरच करकचून आवळलेले होते. मग तिला शंका उरली नाही. दादाचा हात गेला होता, आणि हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आज तो हात एकटाच गेला होता.

तिने दादाला फोन लावला. बंद. प्लांटच्या गेटवर फोन काढून घेतात. मग मालकांना लावला.

"मालक, तो व्हॉल्व्ह हालवून बघितल्याशिवाय चालू करू देऊ नका."

"ताई, मी स्वतः दाब दिलाय. गळत नाही म्हणजे नाही."

"गळत नाही तेच तर—"

"तेच तर काय?"

"जास्त आवळला असेल तरी गळत नाही. दादा हल्ली कधी कधी जास्त आवळतात."

मालक म्हणाले, "हल्ली म्हणजे? मग इतके दिवस टेस्टला तुम्हाला कसं सापडलं नाही?"

वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तसंच राहिलं. सासू, दोन मुली आणि ती, असं चौघींचं घर या एका बाकावर उभं होतं.

"सापडलं असतं तर फुली मारली असतीत ना?" मालक म्हणाले. "उगाच जीव टांगणीला लावू नका. मी मीटिंगमध्ये आहे." आणि त्यांनी फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय सांगायचं?

तिने आपला पाना पिशवीत टाकला, खिळ्यावरची वर्कशॉपच्या स्कूटरची किल्ली ओढली आणि निघाली. रंगारी मागून काहीतरी ओरडला. बहुधा ब्रेकबद्दल असावं, कारण पहिल्याच चौकात तिला ते कळलं.

रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे बॉयलर होता. त्याच्यापाशी चार-पाच माणसं असतात. ऑटोवर टाकल्यावर पाणी कमी होईल, व्हॉल्व्हला हुकूम जाईल, आणि व्हॉल्व्ह ढिम्म. आत पाणी नाही, खाली आग तशीच. नळ्या लाल होतील आणि फुटतील. असं एकदा दुसरीकडे झालं होतं, आणि तिथला माणूस कसा दिसत होता ते दादानेच तिला सांगितलं होतं. सांगताना ताट बाजूला सारलं होतं. आज त्या चार-पाच माणसांत दादा होता. ती स्कूटरवर मोठ्याने बोलत होती, "थांबवा, थांबवा कुणीतरी," आणि शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर तिच्याकडे बघत होता.

गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "पास?"

"पास नाही. व्हॉल्व्ह वर्कशॉपची आहे. माझा भाऊ आत आहे. बॉयलरवर निरोप द्या, लवकर."

"बॉयलरचा फोन कुणी उचलत नाहीये. कामात असतील. बसा बाई तिकडे."

अकराला बारा मिनिटं होती. ती बसली नाही. तिने आयुष्यात फारशा थापा मारल्या नव्हत्या, पण वेळ आली की बुद्धी सुचते.

"काका, त्या व्हॉल्व्हच्या आत माझा पाना राहिलाय."

वॉचमनने वही मिटली. "आत?"

"आत. चालू केला तर अडकेल. मग तुम्ही मला इथे बसवून ठेवलं होतं, असं मी सगळ्यांना सांगेन."

तो उठला, आणि तिच्या पायांकडे बघून पुन्हा थांबला. "चपलेवर सोडता येत नाही. नियम आहे."

"मग अनवाणी जाते!"

म्हातारा भला होता. त्याने खाली वाकून आपलेच बूट काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी फाटक उघडलं. तिच्या पायांना ते दोन बोटं मोठे होते. लोखंडी जिन्याच्या दर पायरीवर टाच आधी वर यायची आणि बूट नंतर. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. ती रडायच्या बेतात होती.

वर धग होती आणि आवाज. फलाटावर दादा कठड्याला टेकून उभा होता, मान खाली, हात पुसायचं फडकं खांद्यावर. त्याच्या समोर तो व्हॉल्व्ह, नुकताच बसवलेला. प्लांटचे साहेब पॅनेलवाल्याला हाताने खुणा करत होते.

"थांबा!" ती ओरडली. "ऑटोवर टाकू नका!"

साहेब वळले. दादानेही मान वर केली. तिच्या पायांतले बूट बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"टेस्टिंगला आहे मी. हा हालवून बघितलेला नाही, साहेब. आमच्याकडे हवा नव्हती. नुसतं पाणी मारून पाठवलाय."

"कागदावर टेस्ट ओके लिहिलंय."

"ती सही माझी नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर जे दिसलं ते बघून त्यांनी घड्याळाचा हात खाली घेतला. "पाणी सध्या बाजूच्या बायपास नळीतूनच येतंय. दहा मिनिटं. हवा देऊन बघा."

व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना पाणी अडवणारी हाताची चाकं अजून बंदच होती. पॅनेलवाल्याने थोडी हवा दिली. दांडा हालला नाही. आणखी दिली. हालला नाही. आणखी दिली, आणि दांड्याने खाडकन दोन बोटं उडी घेतली.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "हे ऑटोवर..." एवढंच म्हणून ते पॅनेलकडे धावले. ऑटोला हात लावू नका, म्हणून ते तिकडे ओरडत असल्याचं इथपर्यंत ऐकू येत होतं.

टेस्टिंगताईने पिशवीतून पाना काढला, नटावर बसवला आणि मनगट वळवलं. मग दुसरा नट. किती फिरवायचं ते तिने पाहिलंसुद्धा नाही. नजर दांड्यावर होती.

"किती सोडलास?" दादाने विचारलं.

"एक बाजू."

"न बघता?"

दादा तिच्या हाताकडे बघत होता. स्वयंपाक करणारीचा हात डब्यातल्या मिठाकडे जसा आपोआप जातो, तसा तो हात गेला होता. एकदा केलेल्या कामाला अशी सवय नसते, हे तीस वर्षं हातांवर जगलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"चिमे," तो म्हणाला, "कधीपासून?"

लहानपणचं ते नाव ऐकलं आणि तिचा धीर सुटला. "आठ महिने. तुझे सगळे. तू चहाला गेलास की. दादा, तुझा हात जड झाला होता रे. एक व्हॉल्व्ह अडकला माझ्याकडे. फुली मारवेना मला. मग रोजच..."

"रोज? टेस्टच्या आधीच?"

तिने होकाराची मान हलवली.

दादाने फडकं खांद्यावरून काढलं आणि कठड्यावर ठेवलं. नंतर ते पुन्हा उचललं. "ते दोन गळून परत आले," तो सावकाश म्हणाला. "मालक बोलले मला. मी म्हटलं, हाताला कळेनासं झालं. हात सांगतो बस, आणि व्हॉल्व्ह तर गळतोय. तेव्हापासून हातानं बस म्हटलं की मी वर एक बाजू मारतो. रोज. हाताविरुद्ध."

"एक बाजू?"

"एकच."

खालच्या पंपाची घरघर चालू होती. ती तोंडावर हात धरून उभी राहिली. पॅनेलवाल्याने पुन्हा हवा दिली. दांडा हलकेच निघाला, वर गेला, खाली आला, जिथे थांबायचं तिथे थांबला. दादाने नेहमीसारखं बोट लावून ग्लँडचा काठ पाहिला. दोघांनाही हिशेब करायची गरज नव्हती. त्याने एक बाजू वाढवली होती, तिने एक काढली होती. उरला होता तो त्याचा हात, जसाच्या तसा.

दादाने उजवा तळवा डोळ्यांसमोर धरला. ज्या हाताला इतके दिवस तो खोटं ठरवत आला, त्याच्याकडे बघताना त्याचा चेहरा असा उजळला की तिला ते बघवेना.

"पण मग तो पहिला?" तिने विचारलं. "तो तर खरंच अडकला होता."

"आठ महिन्यांपूर्वी ना? गुरुवार होता?"

"हो."

"तुझ्या वहिनीचा पहिला रिपोर्ट त्या सकाळी हातात आला होता. कुणाला सांगितलं नव्हतं अजून. त्या दिवशी मी काय आवळलं, किती आवळलं, मला आठवत नाही. एकच दिवस गं."

वहिनीचं आजारपण तिने काढलं होतं. दवाखान्यात रात्री जागवल्या होत्या. पण ती तारीख आणि हा व्हॉल्व्ह तिने कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. दादाला विचारायचं तेवढं एक तिने केलं नव्हतं. भावाची लाज झाकायला गेली आणि त्याला हातानिशी बुडवून बसली. तिला वाटलं, आत्ता याने एक थोबाडीत मारली तर बरं होईल.

"मी आजच सांगते मालकांना. सगळं सांगते."

"मी सकाळी सांगून बसलोय त्यांना," दादा म्हणाला. "महिनाअखेर काम सोडतो म्हणून. हात गेला म्हटलं. ते लगेच हो म्हणाले. मनात असावं त्यांच्याही. म्हणून तर गळती बघायला स्वतः बसले."

"तर मग आत्ताच चल. हात गेलेला नाही. मी सांगते ना, मी—"

"काय सांगशील? टेस्टवालीनं आठ महिने चोरून पाना लावला? एकूण एक व्हॉल्व्ह? अगं, प्लांटवाले सगळेच्या सगळे परत बोलावतील. तुला कुणी टेस्टिंगच्या बाकापाशी उभं करेल का यापुढे? कुठेही?"

"नको करू देत."

"पोरींचं काय?"

जिन्यावर साहेबांची पावलं वाजली. त्यांच्या हातात पाठीला पुठ्ठा लावलेला कागद होता. वर येऊन त्यांनी आधी दांडा दोनदा चालवून बघितला, मान डोलावली आणि घाम पुसला.

"काय झालं होतं नेमकं? मला लिहावं लागेल."

"साहेब, चूक—" तिने सुरुवात केली.

"माझी," दादा म्हणाला. तो तिच्या आणि साहेबांच्या मध्ये येऊन उभा होता. "ग्लँड जास्त आवळली मी. वय झालं, साहेब. हाताला कळत नाही आता. ही धावत आली म्हणून निभावलं."

साहेब थोडे ओशाळले. दादाच्या कामाची त्यांना माहिती असावी. "असं होतं कधी कधी," ते म्हणाले. "पण पुढे आमच्या व्हॉल्व्हना तुम्ही हात लावू नका. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही लावत. महिनाअखेर काम सोडतोच आहे."

साहेबांनी कागदावर लिहिलं. टेस्टिंगताईला उलटी अक्षरं वाचता येत होती. बिघाडाचे कारण, या शब्दांपुढे त्यांनी लिहिलं: फिटरचा हात. मग त्यांनी कागद फिरवून तिच्यापुढे धरला.

"तपासणाऱ्याची सही. इथे."

तिने पेन हातात घेतलं आणि दादाकडे पाहिलं. त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो ग्लँडवरून बोट फिरवत होता, एक नट, दुसरा नट, पुन्हा पहिला.

"कर सही," तो तिकडेच बघत म्हणाला. "बॉयलर खोळंबलाय."

तिने सही केली. साहेबांनी सहीखाली वेळ घालायला सांगितली. तिने वेळ घातली.